दळणातली घट आणि मीटरचा लाल दिवा: ऊर्जेचं रूपांतर घरच्या घरी मोजायची रीत

गिरणीतून दळण आणलं की डबा हाताला गरम लागतो. ज्वारी थंड गेली होती, पीठ गरम आलं. मधे चूल नव्हती की जाळ नव्हता. विजेवर फिरणारी मोटर होती, पट्टा होता आणि एकमेकांवर घासणारे दगड होते. विजेची गती झाली, गतीची उष्णता झाली, आणि त्या उष्णतेतला थोडा भाग डब्यात बसून आपल्या घरी आला. पाच किलो पीठ तीस अंशांनी तापलं असेल, तर त्यात साधारण २५० किलोजूल उष्णता असते. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे किटलीत पुन्हा भेटणार आहे.

गिरणीवाले दळणात घट धरतात. पाच किलो धान्य दिलं की पीठ थोडं कमीच येतं. पण ते पीठ जगातून नाहीसं होत नाही. ते दगडांच्या फटीत असतं, भिंतीवर असतं, गिरणीवाल्याच्या भुवयांवर असतं. ते गोळा करून पोळी लाटता येत नाही, एवढंच. ऊर्जेचा सगळा व्यवहार मला या एका शब्दात सापडतो: घट. शाळेत आपण ‘ऊर्जा नष्ट होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते’ हे वाक्य पाठ करतो आणि घरी येऊन ‘वीज किती खर्च झाली’ असं विचारतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे सांगून पटत नाही. मोजलं की पटतं.

म्हणून ही रीत लिहितो आहे. आठवी ते दहावीची मुलं आणि त्यांचे आईवडील मिळून दोन रविवारांत सगळं करू शकतात. शिक्षकांना वर्गातही करता येईल.

काय काय लागेल

विजेची किटली, स्वयंपाकघरातला वजनकाटा, झाकण असलेलं पातेलं, घड्याळ असलेला मोबाइल, वही. आणि एक डिजिटल तापमापक, स्वयंपाकासाठी मिळतो तो, लांब सुई असलेला. तापाचा तापमापक चालणार नाही, तो ४२–४३ अंशांच्या पुढे जात नाही. घरात जुना पाऱ्याचा तापमापक असेल तर तो या कामाला अजिबात काढू नका.

पाणी भांड्याच्या खुणेवर मोजण्यापेक्षा वजन करून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि काटा खुणेपेक्षा प्रामाणिक असतो.

गणित एवढंच:

पाण्याने घेतलेली उष्णता (किलोजूलमध्ये) = पाण्याचं वजन (किलो) × वाढलेले अंश × ४.१९

विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ३६०० किलोजूल.

एक लिटर पाणी साठ अंशांनी तापवलं, समजा २८ वरून ८८ वर, तर पाण्याने २५१ किलोजूल घेतले. युनिटमध्ये हे होतात ०.०७. दळणाच्या डब्यात आले होते तेवढेच. पाणी मुद्दाम उकळू द्यायचं नाही, कारण उकळी आली की वाफ निघून जाते आणि हिशेब बिघडतो. शिवाय पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५–९६ ला. ८८ अंशांवर थांबलं की कोणत्याही गावचा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येतो.

पहिली पायरी: मीटर वाचायला शिका

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. बहुतेकांनी तो पाहिलेला असतो, पण त्याला कधी काही विचारलेलं नसतं. मीटरच्या पाटीवर ‘इम्प प्रति केडब्ल्यूएच’ अशा अर्थाचा एक आकडा छापलेला असतो. कुठे ३२००, कुठे १६००, कुठे ६४००. त्याचा अर्थ असा, की दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पूर्ण झालं. तुमच्या मीटरवर ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे ११२५ जूल. घरातली प्रत्येक हालचाल तो दिवा जूलमध्ये मोजून सांगत असतो. प्रयोगशाळेत अशा उपकरणाला पैसे पडतात, इथे ते भिंतीवर फुकट टांगलेलं आहे.

आधी घरातलं सगळं बंद करा. फ्रिजचा प्लग, इन्व्हर्टर, वायफाय, टीव्हीचा बारीक लाल दिवासुद्धा. आता मीटरसमोर पाच मिनिटं उभं राहा. काही लुकलुकलं, तर घरात अजून काहीतरी चालू आहे. नुसता आठ वॉटचा वायफाय राहिला असेल तर साधारण दोन मिनिटं वीस सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकेल. तो शोधण्यातही मुलांना मजा येते.

सोसायटीत मीटर खाली जिन्यापाशी असतात, किटली तिसऱ्या मजल्यावर असते. तेव्हा दोघं लागतात. एकजण खाली मोबाइल घेऊन, एकजण वर. ‘चालू केली गं!’, ‘हं, मोजतेय!’ असं चालतं. मोजण्यापेक्षा दिव्याचा व्हिडिओ काढणं सोपं, नंतर हळू वेगाने लावून निवांत मोजता येतं. मीटरच्या डब्याचं सील किंवा झाकण उघडायचा प्रश्नच नाही, काचेतून दिसतं तेवढंच पाहायचं.

दुसरी पायरी: किटली

एक किलो पाणी किटलीत घाला. तापमान लिहा. किटली चालू करा आणि त्याच क्षणी मोजणी सुरू करा. ८८ अंश झाले की बंद. तापमान घेताना पाणी एकदा ढवळून घ्या, खालचं आणि वरचं पाणी सारखं तापलेलं नसतं. सुई तळाला टेकू देऊ नका.

३२०० च्या मीटरवर १५०० वॉटच्या किटलीला दिवा तीन सेकंदांत चारदा लुकलुकतो. घट शून्य असती तर ०.०७ युनिटला २२४ लुकलुकी पुरल्या असत्या. समजा तुम्हाला २६२ मिळाल्या. म्हणजे मीटरने २९५ किलोजूल दिले आणि पाण्यात २५१ पोचले. २५१ भागिले २९५, म्हणजे ८५ टक्के.

उरलेले ४४ किलोजूल कुठे गेले? इथेच खरा अभ्यास आहे, म्हणून घाई करू नका. किटलीचं स्टील अर्धा किलो धरलं तर ते साठ अंशांनी तापायला सुमारे १५ किलोजूल लागतात. ते किटलीच्या अंगात आहेत, हात लावला की कळेल (जपून). बाकीचे झाकणाच्या फटीतून वाफेबरोबर आणि बाजूने हवेत गेले. खोली त्या मानाने तापलीही, पण इतकी कमी की कुणाला कळलं नाही. हीच भुवयांवरची घट.

हा तर्क खरा की खोटा हे तपासायचा एक सुंदर मार्ग आहे. पाणी ओतून टाका आणि गरम किटलीतच लगेच दुसरं एक किलो थंड पाणी घालून थोडं थांबा, मग तापमान घ्या. पाणी ठेवल्या ठेवल्या एखाद-दोन अंश चढलेलं असेल. किटलीने उसनी घेतलेली उष्णता ती परत देते आहे. पुन्हा साठ अंश तापवा, या वेळी लुकलुकी कमी येतील. नंतर एका किलोऐवजी अर्धाच किलो पाणी घेऊन थंड किटलीत करून पाहा. पाणी निम्मं झालं तरी लुकलुकी निम्म्या होत नाहीत, कारण किटलीचं स्टील तेवढंच राहतं.

गावाकडच्या घरात आणखी एक गोष्ट सापडते, ती शहरात सापडत नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १९० आलं तर १५०० वॉटची किटली सुमारे १०२० वॉटवर उतरते, आणि पाणी तापायला जवळजवळ दीडपट वेळ लागतो. सगळे म्हणतात, ‘आज वीज जास्त जळणार.’ मोजून पाहा: लुकलुकी जवळजवळ तेवढ्याच येतात, उशिरामुळे बाहेर जाणारी उष्णता वाढली तेवढ्या थोड्या जास्त. वॉट म्हणजे वेग आणि युनिट म्हणजे एकूण माल, हा फरक कितीही समजावला तरी मुलांच्या गळी उतरत नाही. कमी व्होल्टेजची एक संध्याकाळ तो पाच मिनिटांत शिकवते.

इंडक्शन शेगडी असेल तर तीच कृती तिच्यावर करा. साधारण ऐंशीच्या आसपास टक्के येतात, भांड्याचा तळ सपाट आणि पुरेसा रुंद असेल तर.

तिसरी पायरी: गॅस

पाइपचा गॅस असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्याच्या मीटरवर शेवटचे तीन आकडे वेगळ्या रंगात असतात, त्यातला शेवटचा एक लिटर गॅस दाखवतो. एक घनमीटर गॅस जळला की साधारण ३५–३६ मेगाजूल उष्णता निघते, म्हणजे लिटरला ३५–३६ किलोजूल. एक किलो पाण्याला बारा-तेरा लिटर गॅस लागेल, आणि एका लिटरच्या चुकीने टक्केवारी बरीच हलेल. म्हणून इथे तीन किलो पाणी घ्या.

सिलिंडर असेल तर त्याला हलवून, जोडणी काढून वजन करण्याच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी लांबचा हिशेब करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, किलोला सुमारे ४६ मेगाजूल. म्हणजे एका सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट इतकी ऊर्जा भरलेली असते. नवा लावला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. चाळीस दिवस गेला तर रोजचे ३५५ ग्रॅम, म्हणजे रोज साडेचार युनिट उष्णता. विजेच्या रोजच्या युनिटशी हे ताडून पाहा. कित्येक घरांत स्वयंपाकाची ऊर्जा बाकी सगळ्या घराच्या विजेच्या बरोबरीने येते, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

सिलिंडरवाल्यांना हातात धरून मोजायचंच असेल तर पणती घ्या. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा हल्ली स्वस्तात मिळतो. पणती तेलासकट तोला, तिच्यावर स्टीलच्या वाटीत २०० ग्रॅम पाणी वीस अंशांनी तापवा, विझवून पुन्हा तोला. तेलाच्या ग्रॅममागे साधारण ३७ किलोजूल निघतात. पाण्याने घेतले १७. दोन ग्रॅम तेल जळलं असेल तर ७४ पैकी १७, पुरतं चौथाई हिस्सासुद्धा नाही. वाटीचा तळ काजळतो तेही पाहा, ते न जळलेलं इंधन आहे. वीस अंशांना कधीकधी अर्धा तास जातो, तेवढा वेळ जवळ मोठं माणूस हवं.

भारतीय मानकाप्रमाणे घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते. पण ती ठरावीक भांडं वापरून, ठरवून दिलेल्या रीतीने मोजतात. आपल्या ओट्यावर खिडकी उघडी असते, पंखा चालू असतो, पातेलं लहान आणि ज्योत मोठी असते. पन्नास-पंचावन्न टक्के आले तर शेगडीला दोष देऊ नका. तेच तीन किलो पाणी तीन प्रकारे तापवून पाहा: झाकण ठेवून, झाकण न ठेवता, आणि ज्योत तळाबाहेर येईल इतकी मोठी करून. तिसऱ्या प्रकारात पातेल्याच्या बाजूने हात न्या (लांबून), झळ लागेल. ती झळ म्हणजे तुम्ही पैसे दिलेला गॅस.

याच ओट्यावर एक गोष्ट सांगायची राहू नये. डाळीला उकळी आल्यावर मोठा गॅस ठेवून ती लवकर शिजत नाही. पाणी उकळायला लागलं की तापमान तिथेच थांबतं, पुढची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी साठ अंश तापवायला ०.०७ युनिट लागलं होतं, आणि तेच उकळतं लिटर पुरतं आटवायला ०.६३ लागतं, म्हणजे नऊपट. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, डाळ म्हणून लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा हा आजीचा नियम या ०.६३ मुळे खरा आहे.

चौथी पायरी: छर्‍यांची नळी

किटलीत विजेची उष्णता झाली, शेगडीत रासायनिक ऊर्जेची. आता गतीची उष्णता करायची. हा प्रयोग मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण यात जाळायचं काहीच नाही.

एक मीटर लांब पीव्हीसीची नळी घ्या, दोन्ही तोंडांना घट्ट टोपणं लावा. एका टोपणाला तापमापकाची सुई जाईल एवढंच भोक पाडा. सायकलच्या दुकानातून अर्धा किलो पोलादी छर्रे आणा. छर्‍यांचं तापमान घ्या, नळीत भरा. आता नळी उभी धरून झटकन उलटी करायची, छर्रे वरून खाली सबंध मीटरभर पडले पाहिजेत. असं शंभर वेळा. नळी मधोमध धरा, टोकांना हात लावला तर हाताचीच उष्णता आत जाईल. टोकांना जुन्या कापडाच्या दोन-तीन घड्या गुंडाळा. शंभर झालं की लगेच टोपणातल्या भोकातून सुई छर्‍यांत खुपसून तापमान वाचा.

गणित सांगतं, एक मीटर शंभर वेळा पडलं तर पोलाद दोन अंशांनी तापावं. तुम्हाला एक ते दीड मिळेल, कारण नळी आणि टोपणं आपला वाटा घेतात. पण तापमापक चढला हे डोळ्यांनी दिसतं. उचलण्याचं काम तुमच्या दंडांनी केलं, दंडांना ते सकाळच्या पोह्यांतून मिळालं.

हेच इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या दशकात केलं. घरचा धंदा बिअर गाळण्याचा होता, त्यामुळे तापमान बारकाईने मोजायची त्यांना सवय होती. त्यांनी खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. आजच्या मापात त्याचा अर्थ असा: पाणी ४२७ मीटर उंचीवरून पडलं आणि सगळी ऊर्जा त्यातच राहिली, तर ते फक्त एका अंशाने तापतं. म्हणून धबधब्याखाली ऊन पाणी मिळत नाही. किलोजूलमधला ‘जूल’ यांच्याच नावाचा.

एक सूचना शिक्षकांसाठी. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचून दिवा लावण्याचा प्रयोग सगळ्या प्रदर्शनांत असतो. करायचा तर करा, पण ‘लिंबातून वीज’ असं सांगू नका. ऊर्जा जस्ताच्या झिजण्यातून येते, लिंबाचा रस मधला मार्ग मोकळा करतो. आठवड्यानंतर खिळ्याचं टोक पाहा, खाल्लेलं दिसेल.

पाचवी पायरी: वहीतला आकडा मागे मागे न्या

आतापर्यंतच्या वहीत किटली पहिली आली, गॅस मागे पडला. इथे थांबलात तर चुकीचा धडा घेऊन उठाल. किटलीचे ८५ टक्के मीटरपासून मोजलेले आहेत. मीटरच्या आधी काय झालं?

महाराष्ट्राची निम्म्याहून जास्त वीज आजही कोळशातून येते: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा. कोळशाच्या १०० भाग उष्णतेतून साधारण ३५ भागांची वीज होते. बाकीची चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जाते, ते लांबून दिसणारे पांढरे लोट म्हणजे बरीचशी तीच. पुढे तारा, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) आणि वाटेतली गळती धरली तर घरी पोचेपर्यंत तिशीच्या आसपास. त्यातले ८५ टक्के किटलीने पाण्यात घातले की कोळशापासून पाण्यापर्यंत २५ भाग पोचतात. ओट्यावरच्या गॅसने तेवढ्यात पन्नास पोचवले होते. एक युनिट विजेमागे वीजकेंद्रात साधारण पाऊण किलो कोळसा जळतो हे ध्यानात ठेवलं, की रिकाम्या खोलीतला दिवा वेगळा दिसू लागतो.

पस्तीसच का, शंभर का नाही? इंजिनिअर कमी पडतात म्हणून नाही. गतीची उष्णता पुरतीच्या पुरती करता येते, छर्‍यांनी केली. उलट दिशेने, उष्णतेची गती करताना, निसर्गच वाटा मागतो. फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये हे दाखवलं. वाफ ५४० अंशांना आणि थंड होण्याची जागा ४० अंशांना असेल, तर सर्वोत्तम काल्पनिक यंत्रालाही ६१–६२ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. खरं यंत्र त्याच्या खाली राहतं. उष्णतेची वीज करून त्या विजेची पुन्हा उष्णता करणं म्हणजे पीठ पुन्हा दळायला टाकण्यासारखं आहे. दोनदा घट.

यातून घरासाठी मी एकच निष्कर्ष काढतो. नुसतं गरम पाणी हवं असेल तर उष्णताच गोळा करा. अंघोळीची बादली म्हणजे २० लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवणं, ०.३५ युनिट. गच्चीवरचा सौर बंब उन्हाचा निम्मा भाग थेट पाण्यात घालतो, सौर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास थांबतं आणि मग गीझर. पॅनेल दिव्या-पंख्यांना आणि मोबाइलला द्या. मोबाइलला तर इतकं कमी लागतं की आश्चर्य वाटेल: पाच हजार एमएएचची बॅटरी भरली तरी तिच्यात ०.०१९ युनिट मावतं. किटलीत एकदा पाणी तापवलं त्या विजेत असे तीन-चार मोबाइल पूर्ण भरतात. मोबाइल चार्जरवरून मुलांना ओरडण्याआधी गीझरचं बटण पाहावं.

सहावी पायरी: कोयनेपर्यंत

कोळशाचा माग उदास करतो. पाण्याचा माग काढताना मात्र मला दरवेळी नव्याने नवल वाटतं, म्हणून तो शेवटी ठेवला.

कोयना आपल्या वाटेने गेली तर कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पूर्वेला जाते. धरणामागच्या शिवसागरातलं काही पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आहे. ते कोकणात पोफळीला साधारण पावणेपाचशे मीटर खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं, मग कोळकेवाडीच्या जलाशयातून अलोऱ्याला पुन्हा एकदा उतरून वाशिष्ठीत सोडलं जातं. चिपळूणकर त्याला कोयनेचं अवजल म्हणतात. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून क्षमता १९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये भरल्या जलाशयाच्या तळाला भोक पाडून बोगदा जोडला, ते लेक टॅपिंग त्या वेळी सगळ्या महाराष्ट्रात गाजलं होतं.

आता वही काढा. घरावरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती टाकीभर पाणी ४७५ मीटर उतरलं तर १००० × ९.८ × ४७५, म्हणजे सुमारे ४६५० किलोजूल, १.२९ युनिट. इथे मधे उष्णतेचं इंजिन नाही, त्यामुळे कार्नोचा वाटा द्यावा लागत नाही. बोगदे, टर्बाइन आणि जनित्र मिळून दहा-बारा टक्के घेतात. १.१५ युनिट वीज बनते. तारांमधली घट वजा केली की घरी पोचतं जवळजवळ बरोबर एक युनिट.

एक टाकी, एक युनिट. बिलावर १२० युनिट असतील आणि ती सगळी कोयनेची धरली, तर गच्चीवर १२० टाक्या मांडा. किटलीतल्या एका लिटरला मीटरवर २९५ किलोजूल, म्हणजे ०.०८२ युनिट लागलं होतं, म्हणजे एक लिटर पाणी तापवायला ८२ लिटर पाणी सह्याद्री उतरून गेलं. पावसाळ्यात बातम्यांत ‘कोयनेत एक टीएमसीची आवक’ ऐकलं की हिशेब करता येतो: एक टीएमसी म्हणजे दोन कोटी त्र्याऐंशी लाख टाक्या, पोफळीच्या जनित्रांवर सव्वातीन कोटी युनिट.

हे पाणी तिथे वर चढवलं कुणी? अरबी समुद्राच्या पाण्याची उन्हाने वाफ केली. एक किलो पाण्याची वाफ करायला सूर्याला सुमारे २४५० किलोजूल द्यावे लागले. तेच एक किलो पोफळीला उतरताना आपल्याला देतं ४.६५. हजारातले दोनसुद्धा नाहीत. दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि मुलांना विचारा, बाकीचे कुठे गेले?

उत्तर डोक्यावर असतं. वाफेचं पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता ढगात सुटते, हवा तापते, वर जाते, आणि तिच्या जागी समुद्रावरून आणखी ओली हवा ओढली जाते. जून-जुलैत घाटमाथ्यावर उभं राहिलं की छत्री उलटी करणारा वारा पश्चिमेकडून येतो, त्याला जोर या उष्णतेतूनही मिळतो. तोच वारा पुढचा ढग कोयनेच्या खोऱ्यावर आणून सोडतो.